न्हाणीतली काळी भिंत

(नवसाक्षर प्रौढांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज आम्ही एका साध्या गोष्टीबद्दल बोलणार आहोत. ही गोष्ट घरोघरची आहे. ती म्हणजे न्हाणीघराची भिंत.

पावसाळा लागला की ही भिंत काळी पडू लागते. आधी कोपऱ्यात तिळाएवढे ठिपके दिसतात. मग ते ज्वारीच्या दाण्याएवढे होतात. मग ठिपक्याला ठिपका मिळतो आणि हातभर काळा डाग तयार होतो. कोंदट वास सुटतो. घरातली बाई भिंत घासते. भिंत पांढरी होते. पंधरा दिवस जातात. पुन्हा तेच ठिपके, त्याच कोपऱ्यात!

धुळे तालुक्यातल्या एका गावात एक आजी आम्हांला म्हणाल्या, "कितलं बी घसा, चार दिनमा परत काळं व्हई जास." त्यांची सून बाजूलाच उभी होती. घासून घासून तिच्या बोटांची कातडी सोलली होती. आजी पुढे म्हणाल्या, "आजकालच्या पोरींना काम नको, दुसरं काय!" सून काही बोलली नाही. तिने मान खाली घातली.

आता सांगा, त्या सुनेचा दोष काय होता? ती आळशी नव्हती. ती रोज घासत होती. पण ती घासत होती डाग. डाग ही नुसती खूण आहे. खरा रोग आहे ओल. ओल जागच्या जागी राहिली, म्हणून डाग परत आला. आपल्याकडे म्हणच आहे, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

आज आम्हांला एवढेच सांगायचे आहे. भिंत घासून बुरशी जात नाही. भिंत वाळली म्हणजे जाते. मग भिंत वाळवायची कशी, ते आता नीट पाहू.

हा काळा डाग म्हणजे काय?

ही बुरशी आहे. बुरशी तुम्हांला नवी नाही. शिळ्या भाकरीवर येते ती बुरशी. पावसात भिजलेल्या चामड्याच्या वहाणेवर पांढरी लव येते, तीही बुरशी. शेतात तर आपण तिला चांगले ओळखतो. ज्वारीच्या कणसात काणी पडते, ती बुरशीच. गव्हावर तांबेरा येतो, ती बुरशीच. रावेर-यावलकडे केळीच्या पानांवर करपा पडतो, तीही बुरशीच. भिंतीवरची बुरशी याच मोठ्या कुळातली आहे.

बुरशीला बी असते. ते इतके बारीक असते की डोळ्यांना दिसत नाही. वाऱ्याबरोबर ते सगळीकडे उडते. झोपडीत जाते आणि वाड्यातही जाते. हे बी अडवणे कोणाच्या हातात नाही.

पण बी पडले म्हणजे ते उगवलेच, असे नाही. शेतकऱ्याला हे सांगायला नको. कोरड्या रानात बी टाकले तर ते उगवते काय? त्याला ओल लागते. बुरशीलाही ओल लागते. शिवाय थोडे खाणे लागते. न्हाणीत तिला खायला काय आहे? साबणाचा मळ, अंगाचे तेल, धूळ, भिंतीचा रंग, दाराचे लाकूड. एवढे तिला पुरते. ऊन मात्र तिला लागत नाही. ती अंधारातही वाढते.

एखादी जागा भिजली आणि दिवसा-दोन दिवसांत खडखडीत वाळली, तर तेथे बुरशी सहसा धरत नाही. पण न्हाणीचे काय होते? सकाळी घरातली पाच-सहा माणसे एकामागून एक अंघोळ करतात. मग तेथेच धुणे होते. दुपारी भांडी होतात. संध्याकाळी शेतातून आलेला माणूस हातपाय धुतो. म्हणजे भिंत वाळायच्या आत पुन्हा भिजते.

आपला खानदेश तसा कोरडा मुलूख. पाऊस जून ते सप्टेंबर, तेवढाच. मे महिन्यात जळगावला पारा ४५ अंशांच्या घरात जातो. मग इथे बुरशी का यावी? कारण बाहेर खानदेश असला तरी बंद न्हाणीच्या आत बारा महिने कोकण असते!

एक गोष्ट ध्यानात ठेवा. बुरशी ही काही सगळीच वाईट नाही. शेतातला पालापाचोळा कुजवून ती खत करते. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग नावाच्या डॉक्टरांना एका बुरशीतच पेनिसिलिन हे औषध सापडले. त्या औषधाने लाखो माणसे वाचली. ते आपल्या देशात तयार व्हावे म्हणून पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली सरकारी कारखाना स्थापन झाला. तेव्हा बुरशीशी आपले वैर नाही. तिने शेतात राहावे, भिंतीवर राहू नये, एवढेच आपले म्हणणे.

आजीच्या काळात हे का नव्हते?

म्हातारी माणसे म्हणतात, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं." त्यांचे म्हणणे बरेचसे खरे आहे. पण का नव्हते, ते बघा.

पूर्वी न्हाणी परसदारी असे. चार बाजूंना पऱ्हाटीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांची ताटी. खाली एक फरशी. वर आभाळ. पाणी बाहेर पडे ते केळीच्या नाहीतर अळवाच्या बुडाशी जाई. अंघोळी आटोपल्या की वारा आणि ऊन त्या जागेचा ताबा घेत. दुपारपर्यंत फरशी चटका बसेल इतकी तापे. तेथे बुरशी कशी धरणार?

पण त्या न्हाणीत बायकांची काय दशा होती, तेही आठवा. अंधारात उठायचे. अंगावरच्या लुगड्यानिशी चार तांबे ओतून घ्यायचे. कोणी येईल या धास्तीने घाई करायची. पावसात तर विचारूच नका.

आता दिवस बदलले. २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत अभियान सुरू झाले. गावोगाव संडास बांधले गेले. पुष्कळांनी त्याला लागूनच पक्के न्हाणीघरही बांधले. कोणी टाईल्स बसवल्या. कोणी शॉवर लावला. बाईला दार लावून निवांत अंघोळ करता येऊ लागली. ही फार मोठी गोष्ट झाली. ती आपल्याला सोडायची नाही.

पण बांधताना एक गोष्ट राहून गेली. चारी बाजूंनी भिंत घातली, वर पत्रा नाहीतर स्लॅब टाकला, पुढे पत्र्याचे दार लावले. झरोका ठेवला नाही. गवंड्याने विचारले असेल, "खिडकी कुठे काढू?" घरधनी म्हणाला असेल, "खिडकी नको. लोक बघतील." झाले! माणसाच्या नजरेबरोबर वाराही बाहेर राहिला.

ओल कोठून येते?

औषध करण्यापूर्वी वैद्य नाडी बघतो. तसे आपण आधी ओल कोठून येते ते बघू. ती दोन वाटांनी येते. एक वाट आतली, दुसरी बाहेरची.

आतली वाट अशी. अंघोळीचे पाणी भिंतीवर उडते. ते तर दिसते. पण न दिसणारे पाणीही असते. थंडीत आपण बंबाचे कढत पाणी घेतो. त्याची वाफ होते. ती वाफ गार भिंतीला आणि पत्र्याला लागते आणि तिचे पुन्हा पाणी होते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो ना, तसाच हा भिंतीचा घाम. म्हणून जेथे पाणी उडत नाही त्या छतालासुद्धा काळे ठिपके येतात.

माणसाच्या श्वासातही पाणी असते. अजिंठ्याची लेणी आपल्याला जवळच. तेथली चित्रे दीड हजार वर्षांहून जुनी. ती चित्रे कशावर काढली आहेत, ठाऊक आहे? मातीत भुसा आणि काड्या कालवून केलेल्या गिलाव्यावर, म्हणजे आपल्या जुन्या घरांच्या भिंतीसारख्याच भिंतीवर. बघायला येणाऱ्या गर्दीच्या श्वासाने आत दमटपणा वाढतो आणि चित्रांना इजा होते. म्हणून तेथे चित्रांच्या लेण्यात एका वेळी थोडीच माणसे सोडतात. श्वासाची ही कथा, तर मग रोज पाच बादल्या कढत पाण्याची वाफ भिंतीला काय करत असेल!

आता बाहेरची वाट. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मग जमिनीला भेगा पडतात आणि वरच्या बांधकामालाही तडे जातात. त्या तड्यांतून पाणी भिंतीत शिरते. कधी छताचे पाणी भिंतीवर गळते. कधी भिंतीला लागूनच सांडपाण्याचे डबके असते. कधी पलीकडून मातीचा नाहीतर उकिरड्याचा ढीग भिंतीला टेकलेला असतो. कधी भिंतीतला नळ आतल्या आत पाझरतो. या सगळ्याने भिंत पाणी पिते.

आपल्या घरची ओल कोणत्या वाटेची, हे ओळखायची एक सोपी रीत आहे. प्लॅस्टिकचा वीतभर तुकडा घ्या. भिंत कोरड्या फडक्याने पुसा. तुकडा भिंतीला लावून चारी कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा. एक दिवस आणि एक रात्र तसाच ठेवा. मग बघा. प्लॅस्टिकच्या वरच्या बाजूला दव दिसले, तर ओल आतल्या हवेची. प्लॅस्टिकच्या खाली, भिंतीच्या बाजूला पाणी दिसले, तर ओल भिंतीच्या पोटातून येते आहे. याला पैसा लागत नाही, की मोठी विद्या लागत नाही.

आतल्या ओलीवर उपाय

आतल्या ओलीवर एकच उपाय. वाऱ्याला वाट द्या.

वाफ गरम असते. गरम हवा वर जाते. म्हणून झरोका वर हवा, छताच्या लगेच खाली. तो एवढा उंच काढा की बाहेर उभ्या राहिलेल्या उंच माणसाचीही नजर पोचू नये. तेथे सिमेंटची जाळी बसवा. नाहीतर बाहेरून खाली कललेल्या तिरप्या पट्ट्या बसवा. म्हणजे पाऊस आत येत नाही, दिसत काही नाही आणि वाफ मात्र निघून जाते. आडोसा राहतो आणि भिंतही वाळते.

पण नुसती वरची जाळी पुरत नाही. जुनी हवा बाहेर जायची तर नवी हवा आत यायला हवी. म्हणून दाराच्या खाली दोन बोटे फट ठेवा. खालून कोरडी हवा शिरेल, वरून ओली हवा बाहेर पडेल. चुलीच्या धुराला धुराडे असते ना, तसे हे वाफेचे धुराडे समजा.

अंघोळ झाली की दार लावून ठेवू नका. उघडे ठेवा. ज्यांना भिंत फोडून जाळी बसवणे शक्य नाही, त्यांनी एवढे तरी करावे.

या झरोक्याचा दुसराही एक उपयोग आहे. तो तर जिवावरचा आहे. पुष्कळ घरांत आता गॅसचा गिझर आला आहे. काही जण थंडीत पेटता बंब न्हाणीत घेऊन बसतात. बंद खोलीत गॅस किंवा कोळसा जळला की एक विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही. वास नाही. माणसाला गुंगी येते आणि बसल्या जागी प्राण जातो. आपल्या राज्यात अशी माणसे गेली आहेत. म्हणून बंब बाहेर पेटवा. पाणी बादलीने आत न्या. गॅसचा गिझर न्हाणीच्या बाहेर बसवा. बुरशीसाठी नाही तरी यासाठी झरोका काढाच.

बाहेरच्या ओलीवर उपाय

ओल भिंतीच्या पोटातून येत असेल, तर झरोक्याने काम भागणार नाही. तेथे गवंड्याचे काम आहे.

पहिली गोष्ट, जमिनीचा ढाळ. न्हाणीत तांब्याभर पाणी ओता आणि बघत राहा. ते मोरीच्या भोकाकडे सरळ जाते का? की कोपऱ्यात साचते? साचत असेल तर ढाळ चुकला आहे. तो सिमेंटने नीट करून घ्या.

दुसरी गोष्ट, सांधे. फरशीच्या आणि टाईल्सच्या सांध्यांतला माल निघाला असेल तर दर्जा पुन्हा भरा. भिंत आणि जमीन जेथे मिळतात तो कोपरा मुख्य. पाणी तेथूनच भिंतीत चढते.

तिसरी गोष्ट, बाहेरची जागा. भिंतीला लागलेला मातीचा ढीग काढा. पन्हाळ लावून छताचे पाणी दूर सोडा.

चौथी गोष्ट, सांडपाणी. ते भिंतीच्या मुळाशी साचू देऊ नका. शोषखड्डा करा. तो घराच्या भिंतीपासून आणि विहिरीपासून दूर असावा. मात्र आपल्या काळ्या मातीत पाणी फार हळू मुरते. अशा ठिकाणी चर काढून ते पाणी परसबागेत न्यावे. दोन केळी लावा, अळू लावा. जुन्या माणसांची ही युक्ती आजही तितकीच चांगली आहे. डबके गेले की डासही जातात.

भिंत साफ कशी करावी?

वाऱ्याची आणि पाण्याची व्यवस्था लावल्यावर मग भिंत साफ करावी. आधी नव्हे.

दार सताड उघडा. नाकातोंडाला फडके बांधा. हातांत प्लॅस्टिकच्या पिशव्या घाला. दम्याचे माणूस आणि लहान मूल जवळ ठेवू नका. काळा डाग कोरडा घासू नका. कोरडा घासला तर बुरशीचे बी घरभर उडते. आधी ओल्या फडक्याने तो भिजवा.

मग अर्धी बादली गरम पाणी घ्या. त्यात मूठभर धुण्याचा सोडा विरघळवा. काथ्याने नाहीतर ब्रशाने घासा. चांगल्या पाण्याने धुवा. शेवटी कोरड्या फडक्याने पुसा. हे पुसणे विसरू नका. पुष्कळ घरी एवढ्यानेच काम होते.

टाईल्स किंवा सिमेंटवर डाग राहिलाच, तर ब्लीचिंग पावडर वापरावी. ग्रामपंचायत पिण्याच्या पाण्यात टाकते तीच ही, टीसीएल पावडर. एक लिटर गार पाण्यात एक मोठा चमचा पावडर कालवा. गाळ खाली बसू द्या. वरची निवळी फडक्याने डागावर लावा. पंधरा मिनिटांनी धुऊन टाका. निवळी डोळ्यांत जाऊ देऊ नका.

आता पुढचे वाक्य दोनदा वाचा.

ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नका!

पुष्कळांना वाटते, दोन्ही औषधे मिळून दुप्पट काम करतील. तसे होत नाही. दोन्ही मिळून क्लोरीन नावाचा विषारी वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली जर्मन फौजेने बेल्जियममध्ये हाच वायू खंदकांतल्या सैनिकांवर सोडला होता. शेकडो माणसे गुदमरून मेली. तोच वायू आपण आपल्या चार फुटांच्या न्हाणीत तयार करावा काय? आज एक वापरले तर दुसरे आज वापरू नका. बाटलीवर काय लिहिले आहे ते वाचा. तुम्हांला आता वाचता येते. अक्षर शिकलो त्याचा हा उपयोग.

चुना आणि रंग

काही जण डाग दिसला की त्यावर ऑइलपेंट मारतात. दोन महिने भिंत छान दिसते. मग रंगाला फोड येतात आणि पापुद्रे पडतात. कारण ओल आत कोंडली गेली. जखम न धुता वर पट्टी बांधावी, तसे हे झाले.

साध्या गिलाव्याच्या भिंतीला चुना चांगला. चुना जहाल असतो. बुरशीला तो मानवत नाही. शिवाय चुन्याच्या भिंतीतून ओल बाहेर निघू शकते. पावसाळा सरल्यावर दिवाळीच्या आधी घराला चुना द्यायची आपली रीत आहे. ती रीत शहाणपणाची आहे. पण चुन्याचा जहालपणा हळूहळू उतरतो, म्हणून तो दर वर्षी द्यावा लागतो. भिंत पुरती वाळल्यावरच द्यावा. कळीचा चुना भिजवताना तो उकळतो. तेव्हा मुलांना दूर ठेवा आणि डोळे जपा.

तब्येतीचे काय?

कोणी म्हणेल, "भिंत काळी असली तर बिघडले काय? आपल्याला काय तिची पूजा करायची आहे?"

बिघडते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली याविषयी पुस्तक काढले आहे. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत खोकला आणि दमा जास्त आढळतो, असे त्यात सांगितले आहे. लहान मुलांना आणि दमेकऱ्यांना त्रास अधिक. रात्री पोराची छाती सूं सूं वाजते. आई जागते. सकाळी दवाखाना. मजुरी बुडते. हा सगळा त्या भिंतीचा खर्च आहे, पण तो कोणी भिंतीच्या नावावर लिहीत नाही.

मात्र प्रत्येक खोकला भिंतीमुळे, असेही समजू नका. दोन आठवड्यांहून जास्त दिवस खोकला राहिला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. क्षयाची तपासणी तेथे फुकट होते.

आणखी एक भीती काढून टाकतो. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीचा रोग आला होता. माणसांचे डोळे गेले, जीव गेले. तेव्हापासून न्हाणीत काळा डाग दिसला की काही जण घाबरतात. तो रोग निराळा आणि त्याची बुरशीही निराळी. करोनाच्या आजारात ज्यांची साखर फार वाढली होती, ज्यांना स्टेरॉइडची औषधे जास्त झाली होती, अशांना तो मुख्यतः झाला. एका माणसापासून दुसऱ्याला तो होत नाही. तेव्हा भिंतीचा डाग पाहून घाबरू नका. पण त्याला घरात राहूही देऊ नका.

पुसायचे कोणी?

आता शेवटची आणि महत्त्वाची गोष्ट.

झरोका काढला, ढाळ काढला, चुना दिला. तरी रोज थोडे काम उरतेच. अंघोळ झाल्यावर भिंतीवरचे आणि फरशीवरचे पाणी निपटून काढायचे. एक जुने फडके नाहीतर रबराची पट्टी पुरते. दोन मिनिटांचे काम. पण ते करायचे कोणी?

बहुतेक घरांत हे काम एकट्या बाईच्या गळ्यात पडते. पुरुष अंघोळ करून, टॉवेल तेथेच टाकून निघून जातात. पोरे पाणी उडवून पळतात. मग डाग पडला की बोलणी कोणाला? तिलाच! हा न्याय नव्हे. पाणी सगळ्यांनी उडवले, तर सगळ्यांनी पुसावे. ज्याची अंघोळ झाली, त्याने दोन हात मारूनच बाहेर यावे. ओला टॉवेल, ओले कपडे आत ठेवू नयेत. दोरीवर उन्हात टाकावेत. आपल्या खानदेशाला देवाने ऊन भरपूर दिले आहे. त्याला मोल पडत नाही.

त्या धुळे तालुक्यातल्या घराचे पुढे काय झाले, ते सांगतो. आम्ही तेथे प्लॅस्टिकचा तुकडा लावून बघितला. दव वरच्या बाजूला आले. म्हणजे ओल आतल्या हवेची होती. आजींना आम्ही ते दाखवले. त्यांनी तुकड्यावर बोट फिरवले. ओले बोट सुनेपुढे धरले आणि म्हणाल्या, "हे तर भिंतीचं दुखणं दिसतं. पोरीला मी उगाच बोलले." त्याच आठवड्यात त्यांच्या मुलाने छताखाली दोन विटा काढल्या आणि तेथे जाळी बसवली. घरातल्या पुरुषांनी पुसायला सुरुवात केली. पहिले दोन दिवस कुरकुर झाली, मग सवय पडली. पुढच्या पावसाळ्यात एका कोपऱ्यात चार ठिपके आले. ते एका फडक्याने पुसले गेले. हातभर डाग काही पडला नाही.

लक्षात ठेवा

१. डाग ही खूण आहे. रोग आहे ओल.
२. प्लॅस्टिकचा तुकडा लावून ओल कोठून येते ते बघा.
३. छताखाली जाळी, दाराखाली फट.
४. जमिनीला ढाळ, सांध्यांत सिमेंट, सांडपाणी भिंतीपासून दूर.
५. डाग आधी भिजवा, मग सोड्याच्या पाण्याने घासा, शेवटी पुसा.
६. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र करू नका.
७. बंब आणि गॅसचा गिझर न्हाणीच्या बाहेर.
८. ज्याची अंघोळ, त्याचे पुसणे.

बंधूंनो, भगिनींनो, आता घरी गेल्यावर एक काम करा. कंदील नाहीतर बॅटरी घेऊन आपल्या न्हाणीत जा. चारी कोपरे बघा. वर छत बघा. हात लावून बघा, भिंत ओली आहे की कोरडी. मग घरातल्या सगळ्यांना बसवून हा धडा मोठ्याने वाचून दाखवा. ज्याला अजून वाचता येत नाही, त्याला आधी ऐकवा. आणि जाळी कोठे बसवायची, ते सगळ्यांनी मिळून ठरवा. त्यात घरातल्या बाईला पहिल्यांदा विचारा. न्हाणीची ओल तिला सगळ्यांत जास्त ठाऊक असते.